टीव्हीमागची रंग बदलणारी एलईडी लाइट निवडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पडद्यावर समुद्र आला की मागची भिंत निळी, वणवा पेटला की नारिंगी. कुणाच्या घरी हे एकदा बघितलं की आपल्याही टीव्हीमागे असं काहीतरी हवं, असं वाटायला लागतं. मलाही तसंच वाटलं होतं. त्यानंतर स्वतःच्या, भावाच्या, मित्रांच्या मिळून बऱ्याच टीव्हींच्या पाठीला मी या पट्ट्या लावल्या, काही काढून पुन्हा लावल्या. लोक खरेदी करतात ती रंग, एलईडीची संख्या आणि अ‍ॅपमधल्या करामती बघून. चित्र टीव्हीत येतं कुठून आणि टीव्हीमागची भिंत कशी आहे, हे मात्र फार कमी जण आधी बघतात. खरं तर सगळं या दोन गोष्टींवरच ठरतं. म्हणून इथे त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

ही लाइट पडद्यावरचा रंग ओळखते कशी?

कुठलीही सिंक होणारी, म्हणजे पडद्यावरच्या रंगांबरोबर बदलणारी लाइट घ्या, तिचे तीन भाग असतात. चित्र बघणारा डोळा, त्यातून रंग काढणारा कंट्रोलर आणि भिंतीवर उजेड टाकणारी पट्टी. कंट्रोलर चित्राच्या चारी कडांचे छोटे छोटे चौकोन पाडतो, प्रत्येक चौकोनाचा सरासरी रंग काढतो आणि तो रंग त्या जागेच्या मागे असलेल्या एलईडीला पाठवतो. सेकंदाला अनेक वेळा हे चालू असतं. पडद्याच्या डावीकडे झाडी आणि उजवीकडे आकाश असेल, तर भिंतही डावीकडे हिरवी आणि उजवीकडे निळी दिसते.

कल्पना नवी नाही. फिलिप्सने २००४ मध्ये ‘अ‍ॅम्बिलाइट’ या नावाने टीव्हीतच बसवलेली अशी लाइट बाजारात आणली. आता कोणत्याही टीव्हीला बाहेरून लावता येणारे संच मिळतात. पट्टी आणि कंट्रोलर सगळ्यांचे थोड्याफार फरकाने सारखेच असतात. वेगळा असतो तो डोळा, आणि निवड त्याच्यावरूनच करायची.

म्हणजे सगळ्यात आधी काय बघायचं?

एक आठवडा लक्ष ठेवा: तुम्ही जे बघता ते टीव्हीच्या आतल्या अ‍ॅपमधून येतं, की एचडीएमआय केबलने बाहेरच्या उपकरणातून?

सेट-टॉप बॉक्स, गेमिंग कन्सोल, एचडीएमआयला खोचायची स्ट्रीमिंग स्टिक, लॅपटॉप, ही सगळी बाहेरची उपकरणं. त्यांचं चित्र केबलमधून टीव्हीकडे जातं आणि वाटेत ते ‘वाचता’ येतं. पण टीव्हीच्याच रिमोटने टीव्हीतलं अ‍ॅप उघडलंत, तर ते चित्र टीव्हीच्या आतच तयार होतं. ते कुठल्याच केबलमधून बाहेर येत नाही.

माझी पहिली चूक इथेच झाली. एचडीएमआय सिंक बॉक्स, म्हणजे केबलच्या वाटेत बसून चित्र वाचणारा बॉक्स आणला, दुपारभर खपून पट्टी लावली, संध्याकाळी सगळे समोर बसले. टीव्हीतलं अ‍ॅप उघडून सिनेमा लावला, तर भिंत काळीच्या काळी. वायर तपासल्या, बॉक्स बंद-चालू केला, पट्टी उलटी लागली की काय म्हणून टीव्ही पुढे ओढून बघितला. बिघाड कुठेच नव्हता. बॉक्सपर्यंत चित्र पोहोचतच नव्हतं. खोक्यावर बारीक अक्षरात ते लिहिलेलंही होतं. शेवटी एक स्ट्रीमिंग स्टिक घेऊन बॉक्सला जोडली तेव्हा भिंत उजळली, पण टीव्हीचा रिमोट बाजूला ठेवून घरातल्या सगळ्यांना नव्या रिमोटची सवय करावी लागली.

टीव्हीला एआरसी किंवा ईएआरसी पोर्ट आहे. त्यातून टीव्हीतल्या अ‍ॅपचं चित्र बॉक्सकडे परत येणार नाही का?

नाही. त्या वाटेने फक्त आवाज बाहेर येतो. साउंडबारसाठीच ती सोय आहे.

मग कॅमेरा चांगला की एचडीएमआय बॉक्स?

ज्याच्या त्याच्या घरावर आहे, पण फरक नीट समजून घेण्यासारखा आहे.

कॅमेऱ्याच्या संचात टीव्हीच्या वरच्या किंवा खालच्या काठावर एक छोटा रुंद कोनाचा कॅमेरा बसतो आणि पडद्याकडे बघत राहतो. चित्र कुठून आलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. टीव्हीतलं अ‍ॅप असो, अँटेना असो, पेन ड्राइव्हवरचा लग्नाचा व्हिडिओ असो, पडद्यावर जे दिसेल ते तो पकडतो. जोडणी सोपी आणि संचही बॉक्सपेक्षा स्वस्त असतो. गोव्ही या कंपनीच्या संचात नारिंगी फोमचे छोटे तुकडे येतात. ते पडद्याच्या कडांवर तात्पुरते चिकटवायचे, अ‍ॅपमध्ये कॅमेऱ्याला पडद्याची हद्द दाखवून द्यायची आणि मग काढून टाकायचे. हे काम घाईने उरकू नका. कोपरा बोटभर जरी चुकला, तरी खालच्या कडेचा रंग बाजूच्या भिंतीवर दिसायला लागतो.

कॅमेऱ्याची दुखरी बाजू म्हणजे तो पडदा फार तिरक्या कोनातून बघतो. जवळची कड त्याला मोठी दिसते, लांबची चेपलेली. दिवसा खिडकीचा उजेड पडद्यावर पडला की तोही त्याला रंगच वाटतो. काही टीव्हींचे पॅनल तिरकं बघितलं की फिके दिसतात, आणि कॅमेरा नेमकं तसंच बघत असतो. त्यामुळे गडद लाल आणि मरून, पोपटी आणि पिवळा असे जवळजवळचे रंग तो सरमिसळ करतो. ‘निळं दृश्य, निळी भिंत’ एवढं त्याला छान जमतं. बारकावे जमत नाहीत.

एचडीएमआय बॉक्स चित्राचे आकडेच वाचतो, म्हणून रंग अचूक आणि उशीर कमी. खोलीत उजेड असो वा अंधार, त्याला फरक पडत नाही. त्याच्या मर्यादा दोन. टीव्हीतली अ‍ॅप त्याला दिसत नाहीत, आणि चित्राची सगळी वाहतूक त्याच्यातून होत असल्याने तुमच्या उपकरणांचं चित्र आणि आवाज कुठेही कमी न करता पुढे पाठवण्याची ताकद त्याच्यात असावी लागते.

माझं मत विचाराल तर: बहुतेक बघणं टीव्हीतल्या अ‍ॅपमधून होत असेल तर कॅमेरा घ्या आणि थोडा ढोबळपणा चालवून घ्या. कन्सोल, सेट-टॉप बॉक्स किंवा स्टिकवरच सगळं चालत असेल तर बॉक्ससाठी थोडं थांबावं लागलं तरी थांबा.

बॉक्सच्या खोक्यावर नेमकं काय वाचायचं?

खोक्यावर ‘४के सपोर्ट’ लिहिलेलं असतं, पण तेवढ्याने भागत नाही. ४के सेकंदाला किती फ्रेमला, ते बघा. एचडीएमआय २.० ची वाहतूक १८ गिगाबिट प्रति सेकंद, म्हणजे ४के ६० फ्रेमपर्यंत. नवे कन्सोल ४के १२० फ्रेम देतात आणि त्यासाठी एचडीएमआय २.१ लागतं, ज्याची कमाल क्षमता ४८ गिगाबिट आहे. जुना बॉक्स मध्ये आला की कन्सोल मुकाट्याने ६० वर उतरतो. खेळणाऱ्याला काहीतरी जड वाटतं, पण कारण सापडत नाही.

‘फिलिप्स ह्यू’ या स्मार्ट लाइटचंच उदाहरण बघा. त्यांचा पहिला सिंक बॉक्स २०१९ चा. चार एचडीएमआय इनपुट, पण ४के ६० पर्यंतच. ४के १२० आणि ८के ६० चालणारा बॉक्स २०२४ मध्ये आला. दोन्हींची नावं जवळपास सारखी असल्याने वापरलेला बॉक्स घेताना गफलत होऊ शकते. शिवाय ह्यूच्या बॉक्सला त्यांचा ‘ब्रिज’, म्हणजे लाइट जोडून घेणारं छोटं उपकरण, वेगळा लागतो आणि पट्टीही वेगळी घ्यावी लागते. तिन्हींची बेरीज करूनच विचार करा.

एचडीआर१०, एचडीआर१०प्लस, डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्या, म्हणजे उजळ-गडदाचा जास्त पल्ला दाखवणाऱ्या चित्राच्या, प्रकारांपैकी तुमचा टीव्ही जे दाखवतो ते बॉक्स पुढे जाऊ देतो का, हेही बघा. साउंडबार असेल तर डॉल्बी अ‍ॅटमॉस या सभोवार आवाजाच्या प्रकाराचंही तेच. लाइट सुंदर चालतेय आणि चित्र मात्र आधीपेक्षा फिकं झालंय, हा सौदा वाईट.

टीव्हीमध्येच सोय असेल तर?

उत्तमच. अ‍ॅम्बिलाइट असलेल्या टीव्हीत सगळं आतच होतं, त्यामुळे अ‍ॅप आणि एचडीएमआय हा भेद उरतच नाही. सॅमसंगच्या २०२२ पासूनच्या काही मॉडेलवर ह्यूचं सिंक अ‍ॅप चालतं. त्याला बॉक्स लागत नाही, पण अ‍ॅपचे पैसे वेगळे भरावे लागतात. मॉडेलचा नंबर टीव्हीच्या मागच्या स्टिकरवरून उतरवून घ्या आणि यादीत आहे का ते बघूनच पैसे भरा. एकाच मालिकेतलं एक मॉडेल चालतं आणि दुसरं चालत नाही, असं होतं.

फक्त लाइटसाठी चालू टीव्ही बदलावा का? मी नाही बदलणार. टीव्ही घ्यायचाच असेल तेव्हा ही गोष्ट विचारात घ्या.

टीव्हीच्या यूएसबीला लावायची स्वस्त पट्टी मिळते. तिच्यावरही ‘आरजीबी’ लिहिलंय. तीच का नको?

तिच्यात डोळाच नसतो. रिमोटवरचं बटण दाबलं की सगळी पट्टी लाल, दुसरं दाबलं की सगळी हिरवी. काहींमध्ये माइक असतो आणि आवाजावर रंग नाचतात, पण त्याचा चित्राशी संबंध नसतो. दुकानात ‘म्युझिक सिंक’ आणि ‘व्हिडिओ सिंक’ हे शब्द शेजारी शेजारी असतात. आपल्याला हवा तो दुसरा.

दुसरी खूण म्हणजे पट्टीतला प्रत्येक एलईडी किंवा छोटा गट स्वतंत्र रंग दाखवू शकतो का. खोक्यावर ‘आरजीबीआयसी’, ‘अ‍ॅड्रेसेबल’ किंवा ‘ग्रेडियंट’ असं काही लिहिलेलं हवं. नुसतं ‘आरजीबी’ म्हणजे पूर्ण पट्टी एका वेळी एकाच रंगाची. तशी पट्टी पांढऱ्या उजेडासाठी मात्र बरी, त्याबद्दल पुढे येतंच.

माझ्या टीव्हीला किती लांब पट्टी लागेल?

तोंडी हिशेब सांगतो. टीव्हीच्या इंचांना ७ ने गुणा, चारी बाजूंची लांबी सेंटिमीटरमध्ये मिळते. ५५ इंची टीव्हीला ३८५ सेंटिमीटर, म्हणजे पावणेचार मीटरच्या थोडी वर. खालची बाजू सोडून तीनच बाजूंना लावायची असेल तर इंचांना ४.७ ने गुणा. ५५ इंचीला साधारण २६० सेंटिमीटर होतात. ही लांबी पडद्याच्या कडेची आहे. पट्टी मागे काठापासून तीन-चार बोटं आत लागते, म्हणून प्रत्यक्षात थोडी कमीच पुरते.

टीव्ही कपाटावर किंवा टेबलावर ठेवलेला असेल, समोर साउंडबार असेल, तर खालची बाजू सोडून द्या. तिथला उजेड भिंतीवर पडण्याऐवजी टेबलाच्या चकचकीत पृष्ठभागावर पडतो आणि डोळ्यांत घुसतो. भिंतीवर अधांतरी टांगलेल्या टीव्हीला चारी बाजू शोभतात.

संच घेताना ‘५५ ते ६५ इंच’ असं लिहिलेलं असेल तर मधल्या मापांना पट्टी एकतर ताणून किंवा वळवून बसवावी लागते. कापता येते का ते आधी वाचा. काही तयार संचांची पट्टी कापली की कंट्रोलरचा हिशेब चुकतो.

एका मीटरला ३० एलईडी की ६०?

भिंतीपासून अंतर हातभर असेल तर ३० आणि ६० मधला फरक डोळ्याला कळत नाही, कारण उजेड भिंतीवर पोहोचेपर्यंत एकमेकांत मिसळतो. टीव्ही भिंतीला चिकटलेला असेल तर ६० घ्या. त्याहून दाट पट्टी टीव्हीमागे लावणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

भिंतीबद्दल एवढं का बोलताय?

कारण भिंत हाच तुमचा दुसरा पडदा आहे.

पांढरी किंवा फिकट राखाडी, मॅट रंगाची, सपाट भिंत सगळ्यात चांगली. पिवळसर भिंतीवर निळा रंग मळकट दिसतो. गडद भिंत उजेड गिळून टाकते. ऑइल पेंटच्या चकचकीत भिंतीवर एलईडीचे ठिपके आरशातल्यासारखे वेगवेगळे दिसतात. लाकडी पॅनल, दगडी टाइल, उभ्या पट्ट्यांचं डिझाइन असेल तर खाचांमध्ये सावल्या पडतात. दगडावर ते छानही दिसू शकतं, पण रंगाचा ताळमेळ कळेनासा होतो.

बऱ्याच अ‍ॅपमध्ये लाल, हिरवा, निळा वेगवेगळा कमी-जास्त करता येतो. पडद्यावर पूर्ण पांढरं चित्र लावा आणि भिंतही पांढरी दिसेपर्यंत हे तीन आकडे हलवत राहा. पिवळसर भिंत असेल तर निळा थोडा वाढवावा लागेल. या दहा मिनिटांनी जो फरक पडतो तो महागडा संच घेऊनही पडत नाही.

अंतराचं म्हणाल तर टीव्हीची पाठ आणि भिंत यांच्यात १० ते १५ सेंटिमीटर असतील तर उजेड मऊ आणि रुंद पसरतो. अगदी चपट्या वॉल माउंटवर दोन-तीन सेंटिमीटरच राहतात. मग कडेला बारीक, भगभगीत झालर तेवढी दिसते. बाहेर ओढता येणारा माउंट असेल तर तो थोडा पुढे ओढून ठेवा. आणि टीव्ही खोलीच्या कोपऱ्यात तिरका ठेवला असेल, तर मागे भिंतच नाही असं समजा. तिथे उजेड दोन बाजूंना फाकतो आणि डावी-उजवीकडचे रंग भिंतीवर कुठेतरी लांब पडतात. तसं असेल तर सिंकवर पैसे घालू नका, असंच मी सांगेन.

वीज किती लागते? टीव्हीच्या यूएसबीवर चालेल का?

सिंक होणारी पूर्ण पट्टी टीव्हीच्या यूएसबीवर चालवू नका. घरगुती जोडणीत सर्रास वापरला जाणारा डब्ल्यूएस२८१२बी हा एलईडी पूर्ण पांढऱ्यावर जास्तीत जास्त ६० मिलिअँपिअर घेतो, तोही ५ व्होल्टवर. ५५ इंचीला तीन बाजूंना ६० च्या दाटीने साधारण १५५ एलईडी लागतात. म्हणजे नऊ अँपिअरच्या वर. यूएसबी २.० पोर्ट अर्धा अँपिअर द्यायला बनवलेला असतो, ३.० असला तरी ०.९. प्रत्यक्षात सगळे एलईडी पूर्ण पांढऱ्यावर क्वचितच जातात आणि कंट्रोलरमध्ये मर्यादाही घालता येते, पण म्हणून पोर्टवर एवढा भार टाकायचा नसतो. संचाबरोबर आलेला अ‍ॅडॉप्टरच वापरा. तो हरवला तर व्होल्ट तेवढेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त असलेला घ्या. ५ व्होल्टच्या पट्टीला १२ व्होल्ट लागले तर ती तिथेच संपते.

लांब पट्टीचं शेवटचं टोक पांढऱ्याऐवजी पिवळट-लालसर दिसतंय, अशी तक्रार नेहमी येते. एलईडी खराब नसतो. पातळ तांब्यातून जाता जाता व्होल्टेज घटतं. लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट पुरतात, निळ्या-हिरव्याला ३ च्या आसपास लागतात, म्हणून आधी निळा मंदावतो आणि लाल उरतो. दुसऱ्या टोकालाही वीज जोडली की हे थांबतं.

पट्टी दोन महिन्यांत सुटून लोंबते. काय करायचं?

टीव्हीच्या पाठीवर धुळीचा न दिसणारा थर असतो. तो पुसल्याशिवाय कुठलाही चिकटपट्टा टिकत नाही. भावाच्या टीव्हीला मी नुसतं कोरड्या फडक्याने पुसून पट्टी लावली होती. तिसऱ्या आठवड्यात वरची बाजू सुटून पडद्यासमोर लोंबायला लागली, आणि तीही सिनेमा ऐन रंगात असताना. मग टीव्ही बंद करून थंड होऊ दिला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पाठ पुसली, वाळू दिली आणि प्रत्येक बोटभर जागा अर्धा मिनिट दाबून धरली. ती पट्टी अजून जागेवर आहे.

कोपऱ्यात पट्टी एलईडीच्या मधल्या जागेत वळवा, एलईडीवर नको. कोपऱ्यावर संचातल्या क्लिपा आवर्जून लावा, सुटायला सुरुवात तिथूनच होते. हवा जाण्याच्या जाळीवर पट्टी अजिबात चिकटवू नका. टीव्हीची उष्णता अडते आणि त्या उष्णतेने गोंदही पातळ होतो.

यामुळे डोळ्यांचा ताण कमी होतो, हे खरं आहे का?

टीव्हीमागे उजेड असण्याचा फायदा खरा आहे. अंधाऱ्या खोलीत एकच झगझगीत पडदा असला की बाहुली सारखी लहान-मोठी होत राहते. मागे मंद उजेड असेल तर तो फरक कमी होतो. दुसरा फायदा काळ्या रंगाचा. उजळ पार्श्वभूमीवर काळा अधिक काळा भासतो, त्यामुळे एलसीडी टीव्हीवरचा राखाडी वाटणारा काळाही खोल दिसायला लागतो.

पण हा फायदा सगळ्यात जास्त देतो तो स्थिर पांढरा उजेड, रंगीत नाही. चित्रपटांचे रंग ठरवणारे लोक ज्या खोलीत काम करतात तिथे पडद्यामागे डी६५ म्हणजे सुमारे ६५०० केल्विनचा पांढरा उजेड असतो, आणि त्याची तीव्रता पडद्याच्या सर्वाधिक पांढऱ्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवतात. तुमचा हेतू केवळ डोळ्यांना आराम हा असेल, तर सिंकच्या मागे लागूच नका. ६५०० केल्विनची, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर असलेली साधी पांढरी पट्टी आणा. ती टीव्हीच्या यूएसबीवरही चालू शकते, फक्त पट्टीवर किती अँपिअर लिहिलेत ते बघा.

म्हणजे रंगीत लाइटने चित्राचे रंग बिघडतात?

पडद्यावरचे नाही, आपल्या डोळ्यांतले. भिंत हिरवी झाली की डोळा त्या हिरव्याला सरावतो आणि पडद्यावरचा चेहरा किंचित गुलाबी भासतो. खेळ, कार्टून, निसर्गपट, सामने यांत ते जाणवतही नाही आणि मजा येते. संथ, चेहऱ्यांवर चालणारा सिनेमा असेल तेव्हा मी सिंक बंद करतो आणि त्याच पट्टीवर मंद पांढरा लावतो. संच घेताना ही अदलाबदल एका बटणावर होते का बघा. त्यासाठी दर वेळी फोन उघडावा लागला तर आठ दिवसांत कंटाळा येतो.

सिनेमा लावला की वरची-खालची लाइट विझते. बिघाड आहे का?

नाही. बरेच चित्रपट २.३९ : १ अशा रुंद आकारात असतात आणि टीव्ही १६ : ९ चा. वर-खाली मिळून पडद्याची सुमारे पाव उंची काळ्या पट्ट्यांत जाते. कंट्रोलर प्रामाणिकपणे काळा रंग वाचतो आणि लाइट विझवतो. चांगल्या संचात काळी पट्टी ओळखून तिच्या आतला रंग घ्यायची सोय असते. कॅमेऱ्याच्या स्वस्त संचांत ती नसते, असली तरी चुकते. सिनेमाप्रेमी असाल तर खरेदीआधी हे नक्की विचारा.

रंग चित्राच्या मागे पडतात. हे कमी करता येईल?

स्फोट होऊन गेल्यावर भिंत लाल झाली, तर ते वरातीमागून घोडंच. उशीर कुठे होतो ते समजलं की उपाय सापडतो. पट्टीच्या वायरीत तो नसतो. डब्ल्यूएस२८१२बीला एका एलईडीचा रंग पाठवायला ३० मायक्रोसेकंद लागतात, २०० एलईडीला ६ मिलिसेकंद. ६० फ्रेमच्या चित्रात एक फ्रेमच १६.७ मिलिसेकंदांची असते. वेळ जातो तो कॅमेऱ्यात, वायफायवर, आणि अ‍ॅपमधल्या ‘स्मूथनेस’ नावाच्या सेटिंगमध्ये. ते कमी केलं की लाइट चपळ होते, पण फार कमी केलं की फडफडते. खेळासाठी कमी, सिनेमासाठी जास्त.

याच जागी तीव्रताही उतरवा. पहिल्या दिवशी सगळे शंभर टक्के ठेवतात. मी चाळीसच्या वर नेत नाही. भिंतीकडे लक्ष जायला लागलं की उजेड जास्त झाला, असं समजायचं.

वायफायला जोडतच नाही.

यातली बरीच उपकरणं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरवर ५ आणि २.४ एकाच नावाने असतील तर जोडणीपुरतं २.४ वेगळं करा.

कॅमेरा दिवाणखान्यात लावायला धास्ती वाटते.

रास्त आहे. कॅमेरा पडद्याकडे वळलेला असला तरी रुंद कोनामुळे खोलीचा थोडा भाग त्यात येऊ शकतो, आणि अ‍ॅप इंटरनेटला जोडलेलं असतं. चित्र संचाच्या आतच प्रक्रिया होतं की बाहेर जातं, हे कंपनीच्या धोरणात वाचा. वापर नसताना कॅमेऱ्याची वायर काढून ठेवायला एक सेकंद लागतो. तरीही मनाला पटत नसेल तर बॉक्सच घ्या.

स्वतः जुळवता येतं का?

येतं, आणि ज्याला सोल्डरिंगची आवड आहे त्याला मी हाच मार्ग सुचवेन. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, चित्र दोन वाटांनी पाठवणारा एक एचडीएमआय स्प्लिटर, ते चित्र संगणकात घेणारं एक यूएसबी कॅप्चर उपकरण, स्वतंत्र एलईडीची पट्टी आणि ‘हायपेरिऑन’ हे मुक्त सॉफ्टवेअर. पट्टीसाठी ईएसपी३२ या वायफाय चिपवर ‘डब्ल्यूलेड’ हे सॉफ्टवेअर घालून वायफायवरूनही चालवता येते. एचडीआर चित्र स्वस्त कॅप्चर उपकरणातून फिकट, धुतल्यासारखं येतं. ते सुधारण्यासाठी ‘हायपरएचडीआर’ हे सॉफ्टवेअर वापरतात. सगळं घरातल्या घरात चालतं, कंपनीचा सर्व्हर उद्या बंद पडला तरी भिंत उजळत राहते. मात्र ते जुळवण्यात एक-दोन सुट्ट्या जातील, आणि स्ट्रीमिंगच्या चित्रावर एचडीसीपी ही नक्कलविरोधी कुलपाची व्यवस्था असल्याने कॅप्चरमध्ये नुसता काळा पडदा दिसण्याचा अनुभवही येईल. लॅपटॉपवर सॉफ्टवेअरने पडदा वाचतानाही हेच होतं.

घरात लहान मुलं आहेत, कुणाला फिट येतात. चालेल का?

फिट येण्याचा इतिहास असेल तर सिंक लावू नका, आधी डॉक्टरांशी बोला. सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप प्रकाशसंवेदनशील अपस्मार असलेल्यांना त्रास देऊ शकते. सिंक लाइट पडद्यावरच्या उघडझापीचा पसारा भिंतभर करते. इथे मागचा पांढरा, न हलणारा उजेडच बरा. बाकी लहान मुलांसाठी तीव्रता कमी, ‘स्मूथनेस’ जास्त, आणि अ‍ॅडॉप्टर त्यांच्या हाताला न लागेल असा.

पैसे घालण्याआधी आवडेल की नाही हे कसं कळणार?

घरातला एखादा छोटा टेबल लॅम्प टीव्हीच्या मागे जमिनीवर ठेवा, बल्ब कुणाच्या डोळ्यांत येणार नाही असा, आणि खोलीतले बाकीचे दिवे घालवून एक पूर्ण सिनेमा बघा. भिंतीवर उजेड कसा पसरतो, ठिपके आणि सावल्या कुठे पडतात, वायरी दिसतात का, खालची बाजू त्रास देते का, हे सगळं त्यातच दिसतं. दुसऱ्या संध्याकाळी लॅम्पवर निळा जिलेटिन कागद लावा, कागद बल्बला टेकू देऊ नका, आणि बल्ब एलईडीचाच असू द्या. मग घरातल्यांना काही न सांगता टीव्ही लावा. कुणी ‘ते निळं बंद कर’ म्हणालं, तर पांढरी पट्टी आणा. कुणी ‘हे असंच राहू दे’ म्हणालं, तर टीव्हीच्या मागे जाऊन एचडीएमआयचे पोर्ट मोजायला घ्या.